कंसातला विदर्भ

१९७४ साली मिळालेल्या परवानगीचा उल्लेख आजच्या खरेदीखतात करताना कायद्याचं नाव कुठलं लिहायचं? आदेशावर ‘मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, १९५८’ आहे. २०१२ मध्ये त्यातल्या ‘मुंबई’चं ‘महाराष्ट्र’ झालं. जुनं नाव ठेवलं तर बँकेतला तरुण अधिकारी विचारतो, हे दोन कायदे का? नवं घातलं तर उद्या अभिलेख कक्षात तो आदेश शोधणाऱ्याच्या हाती भलताच मथळा येतो. जुन्यापुढे कंसात नवं द्यावं, तर नावात आधीच एक कंस. कंसात कंस माझ्याच्यानं लिहवत नाही.

डोळे अधू झाल्यापासून मसुदे भाची टाइप करते. तिनं संगणकावर एका दमात सगळीकडे ‘महाराष्ट्र’ करून टाकलं. “मामा, कायदा तोच, क्रमांकही १९५८ चा ९९च. मग जुनं नाव कशाला?”

कशाला, तर यवतमाळचे कागद असेच थरांनी साचलेत म्हणून. १९०५ पर्यंत जिल्ह्याचंच नाव वून होतं. एकाच वावराच्या कागदांत वऱ्हाडची १९२८ ची महसूल संहिता, मध्य प्रदेशची १९५४ ची आणि महाराष्ट्राची १९६६ ची, अशा तिन्ही भेटतात. ज्या राज्यानं कायदा केला त्याचं नाव पुसणारे आपण कोण?

तयार नमुन्यांवर दस्त करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पुण्याकडचा नमुना उतरवतात आणि १९४८ चा अधिनियम, कलम ६३ असं ठोकून देतात. आपल्याकडे १९५८ चा लागू आहे, कलम ८९. ‘विदर्भ प्रदेश’ हा कंस गाळला की कायदाच बदलतो, हे त्यांच्या गावीही नसतं.

पूर्ण नावाचा मला अभिमान आहे, आणि तो निव्वळ कर्तव्याचा नाही. कोर्टात वकील माझ्या दस्तातलं नाव वर्षासकट खणखणीत वाचतात तेव्हा मी सुखावतो. ‘सदर अधिनियम’ म्हणून भागलं असतं तिथंही त्या सुखासाठी मी पूर्ण नाव लिहीत आलो.

भूदानाच्या जमिनीचा दस्त आला की भाचीही थांबते. २०१२ चा बदल ‘मुंबई’पुरता होता, इथं ‘मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम, १९५३’ असंच लिहावं लागतं. पक्षकार विचारतो, आपण मध्य प्रदेशात कधी होतो? १९५६ पर्यंत, मी सांगतो.