चिवटपणाच्या कौतुकाआधी

प्रिय मुक्ता,

सारायेवोला शिकायला निघालीस, फार आनंद झाला. पत्रातलं एक वाक्य मात्र सलत राहिलं: ‘मावशी, ही माणसं कसली चिवट गं!’ त्याबद्दलच लिहितेय.

एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, सारायेवोला वेढा पडला होता. शहर खोऱ्यात, भोवतीच्या डोंगरांवर बोस्नियन सर्ब सैन्याच्या तोफा. नळ कोरडे. बिअरच्या जुन्या कारखान्यात झऱ्याचं पाणी होतं, तिथे कॅन घेऊन रांगा लागत. लिफ्ट बंद, म्हणून भरलेले कॅन जिन्याने वर चढवायचे. भाजी धुतलेलं पाणीही फेकायचं नाही. शेवटी ते संडासात ओतायचं. हिवाळ्यात आधी बागांतली झाडं तुटली, मग घरातलं फर्निचर आणि पुस्तकंही शेगडीत गेली. चौकाचौकांत नेमबाजांपासून आडोसा म्हणून कंटेनर उभे केलेले. आडोसा संपला की जीव मुठीत धरून पळायचं. तरी शाळा तळघरांत भरत. ‘ओस्लोबोजेन्ये’ हे दैनिक कचेरीची इमारत उद्ध्वस्त झाल्यावरही निघत राहिलं. १९९३ मध्ये विमानतळाखालून सुमारे ८०० मीटरचा बोगदा खणला, त्यातून अन्न आलं, शस्त्रं आली, जखमी बाहेर गेले.

या सगळ्यापुढे माझेही हात जुळतात. पण नुसता चिवटपणाच आळवत बसलं की वेढा दुष्काळासारखा आभाळातून आल्यासारखा वाटतो. तो माणसांनी घातला होता, ठरवून, आणि जग बघत होतं. १९९३ मध्येच तिथल्या मुलींनी सौंदर्यस्पर्धेच्या मंचावर फलक धरला: ‘त्यांना आम्हाला मारू देऊ नका’. त्यांनी शाबासकी मागितली नव्हती गं.

वेढा घालणाऱ्या सैन्याचा जनरल स्तानिस्लाव गालिच याला नागरिकांत दहशत पसरवल्याबद्दल हेगच्या न्यायाधिकरणाने २००६ मध्ये अपिलात जन्मठेप दिली. तू निघण्याआधी त्या खटल्याचं निकालपत्र वाच. डोब्रिन्या वस्तीत १२ जुलै १९९३ ला पाण्याच्या रांगेवर गोळा पडला, तेही त्यात आहे. मार्काले बाजारातही जाऊन ये. ५ फेब्रुवारी १९९४ ला तिथे एकाच गोळ्याने ६८ माणसं गेली.

आणि तुझ्या तिथल्या घरमालकीणबाई वेढ्याच्या वेळी शहरात असतील, आणि आपणहून बोलल्या, तर मध्येच ‘तुम्ही किती धीराच्या’ म्हणून त्यांचं बोलणं आटोपू नकोस. तेव्हा त्यांना काय हवं होतं, आणि ते कुणी दिलं नाही, हे विचार.

तुझी,
मावशी