आईची एकादशी

आमच्या घरात काळजी नेहमी उपवासाच्या वाटेने आली. वडिलांचं काम सुटलं तेव्हा आईचे सोमवार सुरू झाले, आमच्या परीक्षांना संकष्टी. जे आपल्या हातात नाही त्यासाठी निदान एक वेळचं जेवण तरी देऊन टाकायचं, ही तिची रीत. म्हणून स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं, केमो सुरू झाली, तरी एकादशी मोडायला तिचं मन तयार होईना.

त्यात भेटायला येणारे भर घालत. साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल, असं एक जण सांगे. दुसरा म्हणे, उपवासात पेशी स्वतःची सफाई करतात, आणि त्या शोधासाठी मिळालेल्या योशिनोरी ओसुमी यांच्या २०१६ च्या नोबेलचा दाखला देई. या बोलण्यांच्या मुळाशी थोडं विज्ञान आहेच. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं खातात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात पाहिलं होतं. पण जेवण थांबलं म्हणून रक्तातली साखर संपत नाही. शरीर आपलेच स्नायू मोडून ती तयार करतं. ओसुमींचं मूळ काम यीस्टवरचं. वाल्टर लाँगो यांनी उपाशी उंदरांना केमो जास्त सोसते असं दाखवलं, त्यावरून माणसांवर देखरेखीखाली प्रयोगही झाले. पण आधीच वजन उतरत चाललेल्या बाईने घरच्या घरी करून पाहावं, असं ते नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी साधा हिशेब मांडला. वजनाच्या दर किलोला दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे पन्नास किलोच्या आईला निदान ५० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि साबुदाण्यात तर जवळजवळ नुसता स्टार्च.

केमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. त्यात तोंडाचं, आतड्याचं अस्तरही सापडतं. आईचं तोंड सोललं, पाण्यालासुद्धा लोखंडाची चव येऊ लागली. स्टीलचा चमचा जाऊन लाकडी आला. फोडणीच्या वासाने मळमळे, म्हणून मी दार लावून स्वयंपाक करायचे. पांढऱ्या पेशी उतरल्या की कोशिंबीर बंद. मऊ गुरगुट्या भात, मुगाचं वरण, वर तूप, पूर्ण उकडलेलं अंडं. दर दोन तासांनी चार घास. तो एकेक घास गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी येई. तिने आयुष्यभर केलेल्या कुठल्याही उपवासापेक्षा हे कठीण होतं.

शेवटी मावशीने मार्ग काढला. "आजाऱ्याला उपवास लागत नाही गं ताई. तुझी एकादशी मी धरते." आईने तिच्याकडे बघून मान हलवली आणि वाटी पुढे ओढली.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते. देवाला उपवास द्यायचा असेल तर घरातल्या धडधाकट माणसांनी द्यावा. ज्याच्या नसांतून औषध वाहतं आहे, त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळही उपाशी ठेवू नये. बरं होण्याचं काम ज्या शरीराने करायचं, त्याच्या वाटणीचं अन्न त्यालाच मिळालं पाहिजे.