नाटकातली झोप

माणसाला एखादा तरी छंद असावा, असे जाणते लोक सांगतात. आमच्या शेजारचे एक गृहस्थ पोस्टाची तिकिटे जमवतात. दुसरे एक पहाटे उठून ताडोब्याच्या वाटेवर पक्षी पाहायला जातात आणि दिवसभर त्यांची नावे आम्हांला ऐकवतात. मलाही एक छंद आहे. साठ वर्षे मी तो निष्ठेने जोपासला आहे. पण चारचौघांत सांगायला मात्र जीभ रेटत नाही. मी नाटकात झोपतो.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. शहरातल्या थिएटरात, मऊ खुर्चीवर, अडीच-तीन तासांच्या नाटकात मला कधी साधी डुलकीही लागलेली नाही. तिथे तिकिटाचे पैसे आठवत राहतात. मी झोपतो ते आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सारा झाडीचा मुलूख; त्यावरून ही झाडीपट्टी. आमच्याकडे नाटक रात्री दहा वाजता सुरू होते आणि कोंबडा आरवल्यानंतर संपते. इतका वेळ जागे राहणे हे नटांचे काम आहे. त्यांना त्याचे पैसे मिळतात.

परवा डॉक्टरांकडे गेलो होतो. सत्तरी ओलांडल्यापासून घरच्या गादीवर मला झोप येत नाही. त्यांनी गोळ्या लिहायला घेतल्या, तेव्हा मी विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडई भरते. तोपर्यंत थांबलो तर चालेल का?’’ डॉक्टर नवीन होते, बाहेरून आलेले. त्यांना वाटले, मंडई म्हणजे भाजीबाजार.

आमची मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. एका गावची आज, शेजारच्या गावची उद्या. दिवसा दंडार नाचते, बाजार भरतो, जिलबीच्या कढया चढतात आणि टोपल्यांतून उकडलेले शिंगाडे येतात. पूर्वी मंडईच्या जोडीला शंकरपट असे. २०१४ साली न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, ती डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह उठली. पण मधल्या काळात बैल थांबले तरी माणसे थांबली नाहीत. गावोगाव दिलेल्या लेकी या दिवसांत माहेरी येतात, व्याही येतात, सोयरिकी जुळतात. ज्याच्या ओसरीवर मंडईला चार पाहुणे नाहीत, त्याला गावात मान वर करून चालता येत नाही. एवढ्या पाहुण्यांना रात्री झोपायला जागा कुठली द्यायची, या प्रश्नावर आमच्या पूर्वजांनी काढलेला तोडगा म्हणजे रात्रभराचे नाटक, अशी माझी एक नम्र समजूत आहे.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या चार-सहा वर्षांत, आमच्या गावचे नाटक हलका धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत होई. बांधीतली माती खणून तिचा ओटा रचीत. तो रंगमंच. खणून जो खळगा होई, त्यात प्रेक्षक बसत. कनात चारी बाजूंनी. त्या खळग्यात खाली तणस अंथरलेली असे, वर घोंगडी, आणि डाव्या-उजव्या बाजूंना कोणीतरी आत्या, कोणीतरी मामा. कार्तिकातला वारा डोक्यावरून निघून जाई. पुढे पेटीचा सूर, तबल्याचा ठेका. आता वाचकांनीच सांगावे, अशा ठिकाणी जो झोपत नाही त्याला माणूस म्हणावे काय?

दोन अंकांपर्यंत मी डोळे ताणून बसे. खलनायक कोण हे कळले, नायिकेवर संकट कोसळले, की कुठूनसा चहाचा वास येई, गॅसबत्तीच्या भोवती एक मोठे वर्तुळ दिसू लागे आणि संपले. जाग येई ती बाईच्या हाकेने. ‘‘ऊठ बाबू, नाटक सुटला.’’

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. माझ्यापेक्षा ती अकरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती वैनगंगेच्या पलीकडे ब्रह्मपुरीच्या बाजूला गेली होती आणि दर मंडईला डोंग्यातून नदी ओलांडून यायची. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तिचे माहेर एका जिल्ह्यात आणि सासर दुसऱ्यात गेले. ‘‘सरकारनं मले आता पक्कीच परकी केली,’’ असे ती हसून म्हणायची.

नाटक सुटले की आम्ही धुऱ्या-धुऱ्याने घरी निघायचो. दवाने पाय भिजायचे. कापलेल्या धानाचे पुंजणे धुक्यात म्हशींसारखे बसलेले दिसायचे. बाईचा पदर धरून मी पेंगत चालायचो आणि विचारायचो, ‘‘बाई, मग काय झाला?’’ बाई पदराच्या गाठीतले दोन शिंगाडे माझ्या हातावर ठेवायची आणि झोपेत बुडालेला अंक सांगायला लागायची. घर येईपर्यंत खलनायक पकडला जायचा, हरवलेले पोर सापडायचे, आंधळ्याला दिसायला लागायचे. मला वाटे, नाटके किती छान असतात! मोठी माणसे शेवटी डोळे का पुसतात, ते मात्र कळत नसे.

एका वर्षी ‘एकच प्याला’ होते. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेले ते नाटक आमच्या बांधीत यायला चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागली, पण आले ते थाटात आले. वकील सुधाकर, त्याला प्याल्याची वाट दाखवणारा तळीराम, दळण दळणारी सिंधू. तळीरामाला हसता हसता मी झोपलो. पहाटे विचारले, ‘‘मग काय झाला?’’

बाई त्या दिवशी जरा वेळ चालली आणि मग म्हणाली, ‘‘का होनार? सुधाकरानं प्याला फोडला आन् कामाले लागला.’’

‘‘आणि सिंधू?’’

‘‘सिंधू बरी झाली.’’

‘‘मग पहिल्या पैशाचे त्याने काय आणले?’’ मुलांना हिशेब पुरा लागतो.

बाईने विचार केला. ‘‘शिंगाडे आनले, लेकरासाठी.’’

मला फार आनंद झाला. त्या वर्षी भाऊजी बाईला न्यायला दोन दिवस उशिरा आले, आणि अशा अवस्थेत आले की वडील ओसरीवरून उठून आत निघून गेले. मोहाच्या दारूचा वास मला तेव्हा ओळखता येत नव्हता. मी धावत गेलो आणि आनंदाची बातमी भाऊजींना सांगितली, ‘‘भाऊजी, सुधाकरानं दारू सोडली!’’ अंगणात एकदम सारे गप्प झाले. आईने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले. माझे काय चुकले ते कोणीच सांगितले नाही. बाई मान खाली घालून गाठोडे बांधत होती.

पुढे मी नागपूरला कॉलेजात गेलो आणि ‘एकच प्याला’ मुळातून वाचले. आधी मला वाटले, पुस्तकाची पाने बदलली असावीत. सुधाकर सुधारत नाही. पोर जाते, सिंधू जाते, आणि शेवटी तो स्वतः प्याल्यात विष घालून पितो. मी पुस्तक पुन्हा चाळले. शिंगाडे कुठेच नव्हते.

विद्या नवी नवी असली की ती माणसाला स्वस्थ बसू देत नाही. त्या मंडईला मी गावी गेलो तो जणू बाईची परीक्षा घ्यायलाच. ती चुलीपुढे बसली होती. मी म्हणालो, ‘‘बाई, तू मला फसवलेस. सिंधू मरते.’’

तिने मान वर केली नाही. ‘‘माहीत हाये मले. मी जागीच होती.’’

‘‘मग खोटे का सांगितलेस?’’

‘‘तू उठायचा तवा पहाट व्हायची,’’ ती म्हणाली. ‘‘आता दिवस निंगन, आन् त्या वक्ती लेकराले मरन कायले सांगू?’’ मग चुलीत एक लाकूड सारून ती हळूच म्हणाली, ‘‘आन् मलेबी त्याच दिवशी घरी जाचा होता न.’’

माझी सारी विद्या त्या चुलीपुढे बसली ती बसलीच. आजवर वाचलेली सगळी पहाटे सांगितलेली नाटके मी मनातल्या मनात उलटून पाहिली. फक्त ‘संशयकल्लोळ’ तेवढे तिने जसेच्या तसे सांगितले होते. देवलांनी तिच्यासाठी काही काम शिल्लक ठेवले नव्हते.

भाऊजींचा शेवट गडकऱ्यांच्या नाटकासारखा झाला नाही, आणि बाईने सांगितल्यासारखाही झाला नाही. बहुतेकांचा होतो तसा तो मधेच कुठेतरी झाला. काही वर्षे प्याला फुटला, काही वर्षे पुन्हा सांधला गेला. पोरे मोठी झाली, शेती राहिली. बाई दर मंडईला येत राहिली, रात्रभर टक्क जागी राहत राहिली, आणि मी, आता दोन मुलांचा बाप आणि शाळेत मास्तर असलेला, तिच्या शेजारी घोरत राहिलो. पहाटे मी विचारायचो. ती सांगायची. ते खरे नसणार हे मला माहीत होते, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होते. या छंदाची खरी गोडी मला तेव्हापासून कळली.

आता नाटक पुष्कळ बदलले आहे. देसाईगंज, म्हणजे आमचे वडसा, हे या नाटकांचे माहेरघर झाले. तिथे नाटक कंपन्यांच्या पाट्या ओळीने दिसतात आणि गावोगावची मंडळी तारखा घ्यायला जातात. गॅसबत्ती गेली, झगमगते दिवे आले. नागपूर-मुंबईचे नटही हौसेने येतात. २०२० साली करोनाने सगळ्या कनाती मिटवल्या, तेव्हा हिवाळा असा मुका गेला की वैनगंगेचे पाणी वाहायचे थांबले असावे असे वाटले. आणि २०२३ साली आपल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मी चंद्रपुरात पेढे वाटले. आमची ही वर्ध्याकडची. ती म्हणाली, ‘‘त्यांनी उभा जन्म रात्री जागून काढला, म्हणून त्यांना पद्मश्री. तुम्ही कशाबद्दल पेढे वाटता?’’ मी म्हणालो, ‘‘कोणीतरी समोर झोपायलाही हवे ना!’’

बाईला जाऊन आता नऊ वर्षे झाली. ती गेल्यावर मी मंडईला जाणे सोडले होते. पण गेल्या दिवाळीत पुण्याहून मुलगा आला, सोबत आठ वर्षांची नात. बाईच्या मुलाचा फोन आला, ‘‘मामाजी, या वर्षी येऊनच राहा. नाटक हाये.’’ गेलो.

नाटक एका म्हातारीचे होते. पोरगा तिला घराबाहेर काढतो. आता खळगा नव्हता, खुर्च्या होत्या. पण नातीने हट्टाने पुढे सतरंजीवर जागा धरली. मी मनाशी पक्के ठरवले होते, आज जागायचे. बाई नाही, तेव्हा तिचे काम कोणीतरी करायला हवे. थर्मासमधला चहा दोनदा घेतला. डोळ्यांना पाणी लावले. एक वाजता नात माझ्या मांडीवर झोपली. दोन वाजेपर्यंत मी पहारा केला. मग कुठूनसा चहाचा वास आला, दिव्यांभोवती एक मोठे वर्तुळ दिसू लागले, आणि संपले.

भाच्याने आम्हांला दोघांनाही हलवून उठवले तेव्हा कनात सुटत होती. गावाकडे चालू लागलो. धुके तसेच होते, पुंजणेही तसेच. नात माझे बोट धरून पेंगत चालली होती. थोड्या वेळाने तिने विचारले, ‘‘आजोबा, शेवटी काय झालं?’’

पुढे चालणारा भाचा वळला. शेवट काय झाला ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते. मी त्याला डोळ्यांनी खुणावले. मला खरा शेवट ठाऊक नव्हता, त्यामुळे खोटे बोलल्याचे पापही लागण्यासारखे नव्हते.

‘‘शेवटी,’’ मी म्हणालो, ‘‘पोराला पश्चात्ताप झाला. तो पहाटेच बंडी जुंपून आईला आणायला गेला.’’

‘‘पण आजोबा, तुम्ही तर घोरत होता.’’

‘‘घोरत होतो, पण ऐकतही होतो.’’

ती काही पावले गप्प चालली. मी मनात म्हटले, सुटलो. मग तिने विचारले, ‘‘ती आजी घरी आल्यावर काय जेवली?’’

मी जरा विचार केला. भाचा खाली मान घालून हसत होता. कुणी सांगावे, त्यालाही लहानपणी पहाटे अशाच काही गोष्टी ऐकायला मिळाल्या असतील.

‘‘शिंगाडे,’’ मी म्हणालो. ‘‘उकडलेले.’’