मुका पाडवा

शेतकऱ्याच्या घरी वर्षाची ओळख पावसावरून राहते. दुष्काळाचे वर्ष, गारपिटीचे वर्ष, प्रवरेला पूर आला ते वर्ष. गाणाऱ्याच्या घरी ती जत्रेवरून राहते. संगमनेर तालुक्यातील एखाद्या जुन्या तमासगिराला त्याच्या थोरल्या लेकीचे जन्मसाल विचारावे, तर तो आकडा सांगत नाही. त्या वेळी फड कोणत्या गावी उतरला होता, ते सांगतो. या हिशेबाने २०२० हे साल कोणत्याच गावाच्या नावावर मांडता येत नाही. आपल्या खेड्यांतील गाण्याच्या इतिहासात त्याची नोंद राहील ती त्याच्या मुकेपणामुळे.

त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला आला. मरियेला देवदूताने निरोप दिल्याचा सणही त्याच दिवशी होता. आदल्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि गुढ्या उभ्या राहिल्या त्या निर्मनुष्य गल्ल्यांतून. शिर्डीचे साईमंदिर १७ मार्चलाच बंद झाले होते. २ एप्रिलची रामनवमी भक्तांविना गेली. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार आम्ही बंद दाराआड साजरा केला. १ जुलैच्या आषाढीसाठी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका बसमधून पंढरीला नेण्यात आल्या. राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. त्यामुळे सप्टेंबरमधील हरेगावची मतमाउली यात्राही गर्दीविनाच गेली. देवाला गर्दीवाचून चालते, हे त्या वर्षी सर्वांनी मान्य केले. गाण्याला मात्र ते चालत नाही.

तमाशाची रीत आपल्या वाचकांपैकी अनेकांना दुरूनच माहीत असेल, म्हणून थोडे सांगतो. तंबूचा फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास घरी परततो. हिवाळ्यात गावोगाव तंबू ठोकून तिकिटावर खेळ होतात; त्यातून पोटापुरते सुटले तर सुटते. खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या जत्रांची. त्यांच्या सुपाऱ्या ठरवण्यासाठी पुणे जिल्ह्यातील नारायणगावी फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथे येऊन खेळ ठरवतात. मालकाने हंगामापूर्वीच कर्ज काढून कलावंतांना उचल दिलेली असते. मोठ्या फडावर शंभरावर माणसे असतात. गण, गौळण, बतावणी आणि वग रंगवणारे जितके, तितकेच तंबू ठोकणारे, ट्रक हाकणारे, दिवाबत्ती पाहणारे आणि भाकरी थापणारे. त्या सर्वांचे वर्ष पाडव्यानंतरच्या काही आठवड्यांवर उभे असते. २०२० साली टाळेबंदीचा घाव नेमका त्या आठवड्यांवर पडला. उचल खर्चून झाली होती, कर्जाचे व्याज चालू होते आणि जत्रा एकही नव्हती.

आमचा तालुका या कलेचे माहेर आहे. शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) संगमनेरचे. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली तेव्हा ते तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, अशी कथा सांगतात. त्याच अहिल्याबाईंचे नाव २०२४ साली आपल्या जिल्ह्याला मिळाले. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून ओळखली जाणारी पवळा ही हिवरगाव पावशाची. महार कुटुंबात जन्मलेली पवळा आणि कुळकर्ण्याच्या घरात जन्मलेले पठ्ठे बापूराव यांनी एका बोर्डावर उभे राहून जे गाजवले, ते त्या काळच्या गावगाड्याला पचणे सोपे नव्हते. पवळा १९३९ साली निवर्तली. पुढे तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांच्या फडाने संगमनेरचे नाव महाराष्ट्रभर नेले. कांताबाई स्त्रीभूमिकांइतक्याच तडफेने पुरुषभूमिकाही करीत.

टाळेबंदीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही धर्मग्रामातर्फे शिधा वाटत होतो. आवाराला लागून असलेल्या वस्तीतील एक ढोलकीवादक आले. वय साठीच्या पुढे. सारी वस्ती त्यांना तात्या म्हणते. ते आमच्या धर्मग्रामातले नव्हेत. रांग सरल्यावर पुढे झाले, तेव्हा त्यांच्या खांद्याला कापडात गुंडाळलेली ढोलकी होती.

“फादर, फुकट नको. ही ठेवून घ्या. जत्रा सुरू झाल्या की सोडवून नेईन.”

“तात्या, शिध्यासाठी गहाण कशाला? आणि आम्हांला ती वाजवताही येत नाही.”

“म्हणूनच म्हणतो. तुमच्याकडे शाबूत राहील. घरात राहिली तर विकली जाईल.”

या उत्तरापुढे आम्हांस बोलता आले नाही. ढोलकी वेदीमागच्या खोलीत, मिस्साच्या वस्त्रांच्या कपाटावर ठेवली. वाद्याला हात लागला नाही तर त्याचा आवाज बसतो, म्हणून तात्या एक दिवस आड संध्याकाळी येत, दार लोटून घेत, पाच-दहा मिनिटे बोटे फिरवीत आणि ती पुन्हा गुंडाळून जागेवर ठेवीत. रिकाम्या देवळात तो नाद फार मोठा वाटे. २७ मार्चला पोप फ्रान्सिस पावसात, ओस पडलेल्या संत पेत्राच्या चौकात उभे राहिले, ते चित्र साऱ्या जगाने पाहिले. आमच्या देवळातल्या त्या संध्याकाळी पाहायला कोणी नव्हते.

त्या वर्षी आणखी एक गाणे मुके झाले, आणि त्याची उणीव आपल्या कुटुंबांना अधिक जाणवली असेल. आपल्या भागात माणूस गेले की दफनाआधीची रात्र भजनाने जागवतात. पेटी, ढोलकी, टाळ आणि गावातले गळे. धर्माचा भेद त्या रात्री कोणी काढीत नाही. रडणाऱ्याला रडायला आणि गप्प बसलेल्याला गप्प बसायला त्या गाण्याची सोबत असते. अंत्यविधीस वीसच माणसांची परवानगी असताना भजनी मंडळ कोठून येणार? आम्ही त्या काळात दिलेल्या कित्येक मात्या गाण्याविना झाल्या. प्रार्थनेत एकही शब्द उणा नव्हता, तरी घरची माणसे पुढे महिनोन्‌महिने म्हणत राहिली, “फादर, आईला नीट पोचवता आले नाही.” शास्त्राच्या दृष्टीने हे खरे नाही, असे आम्ही त्यांना समजावले. त्यांच्या म्हणण्यात दुसरे एक सत्य होते, तेही आम्हांस दिसत होते.

खेड्यातले गाणे ही शोभेची वस्तू असती तर तिच्यावाचून माणसांचे एवढे अडले नसते. ख्रिस्तसभेनेही हे ओळखले आहे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील आपला दस्तऐवज मंजूर केला. त्याच्या ११९व्या कलमात मिशनच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला यथायोग्य मान द्यावा, असे सांगितले आहे. त्याच्या कितीतरी आधी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) नगरच्या मातीत बसून अभंगाला ख्रिस्तभक्तीची वाट दाखवली होती. आज आपल्या देवळांत ढोलकी आणि टाळ सहज वाजतात, ते या वडीलधाऱ्यांमुळे.

तथापि, या वाद्यांच्या पाठीमागे एक दुखरी आठवणही आहे. जिल्ह्यातील आपल्या अनेक कुटुंबांच्या वाडवडिलांना हलगी नि सनई ही गावकीची सक्ती म्हणून वाजवावी लागे. सर्वांच्या लग्नाला वाजवायचे आणि पंगतीला दूर बसायचे. पुढच्या पिढ्यांनी ती वाद्ये खाली ठेवली ती स्वाभिमानापोटी, आणि त्यांनी योग्यच केले. म्हणून “आपली कला जपा” असा उपदेश वाजवणाऱ्याला करण्यापूर्वी, त्याला मान आणि मोल कोण देणार याचे उत्तर ऐकणाऱ्याने द्यावे, असे आम्हांस वाटते.

ही गोष्ट केवळ आपल्या मुलखाची नाही. अमेरिकेत खेड्यापाड्यांतील गोऱ्या कष्टकऱ्यांचे म्हणून जे गाणे ओळखले जाते, त्या ‘कंट्री’ संगीताचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम नॅशव्हिल शहरातून १९२५ पासून रेडिओवर चालू आहे. २०२० साली तो रिकाम्या सभागृहातून झाला, पण त्याचा शनिवार चुकला नाही. त्याच वर्षी १२ डिसेंबरला चार्ली प्राइड हा गायक करोनाने गेला. मिसिसिपीतल्या वाटेकरी शेतकऱ्याच्या घरचा, लहानपणी कापूस वेचलेला हा काळा मुलगा त्या संगीताच्या मानाच्या दालनात २००० साली दाखल झाला होता. गावाने ज्यांना वेशीवर ठेवले, त्यांनीच गावाचे गाणे उचलून धरले, हे इथेही खरे आणि तिथेही. फरक इतकाच की, त्या गाण्याच्या पाठीशी रेडिओ होता. आमच्या फडाच्या पाठीशी फक्त जत्रा होती.

पुढच्या वर्षीचा पाडवा १३ एप्रिल २०२१ रोजी आला आणि दुसऱ्या लाटेत तोही मुका गेला. २५ मे २०२१ रोजी कांताबाई सातारकर यांनी संगमनेरातच देह ठेवला. ज्यांच्या गाण्याला गावेच्या गावे लोटत, त्यांना निरोप द्यायला गर्दी जमू शकली नाही. त्या वर्षी राज्य शासनाने गरजू लोककलावंतांना एकरकमी पाच हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले. दोन हंगाम बुडालेल्या घरात ते किती दिवस पुरले असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

अखेर २ एप्रिल २०२२ रोजी, पाडव्यालाच, राज्यातील निर्बंध उठले. त्याच्या आधीच्या आठवड्यात तात्या ढोलकी सोडवायला आले. पैसे आम्ही घेतले नाहीत, तेव्हा ते थेट दानपेटीकडे गेले आणि दोन वर्षे मनात ठेवलेला हिशेब तिथे पुरा करून आले. त्यांना नव्या फडावर जागा मिळाली. त्यांच्या जोडीच्या झीलकऱ्याने मात्र तोवर भाजीची गाडी लावली होती, आणि तो परतला नाही. असे न परतलेले कितीतरी. त्यांच्या जागी गावोगाव डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. त्या भिंतींना उचल लागत नाही आणि भूकही लागत नाही.

आता आपल्याकडे सणाच्या तयारीची बैठक भरली की खर्चाची यादी होते. मंडप, रोषणाई, जेवण, फटाके. आणि सर्वांत शेवटी, काही उरले तर, वाजवणाऱ्यांना द्यायचे. गेली काही वर्षे आम्ही आमच्या धर्मग्रामात एवढाच आग्रह धरला आहे की, ही यादी खालून वर लिहावी. पहिल्या ओळीत पेटी, ढोलकी आणि टाळवाल्यांचे मानधन लिहावे, ते सणाच्या आदल्या दिवशी हातात द्यावे, आणि पंगतीत त्यांना पहिल्या ओळीत बसवावे. मग फटाक्यांना काय उरते ते पाहावे. गेल्या सणाला काही उरले नाही. कोणाची तक्रार आली नाही.