आप्पांचा डॅशबोर्ड

बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. दिवाळीत वैरागला गेलो होतो. तिथे एक उद्योग करून ठेवलाय, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आप्पांची मारुती 800 तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे, निम्म्यांनी ढकललीही आहे. त्यांना खरं तर हवी होती प्रीमियर पद्मिनी, कारण ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे! मिळाली मारुती. 2014 साली कंपनीने ही गाडी बनवणं थांबवलं, आप्पांनी चालवणं नाही. वय वर्षे 76.

गाडी कायम अंगणात, उन्हात. डॅशबोर्ड पार पांढुरका पडलेला. उन्हाने प्लॅस्टिकचा वरचा थर मरतो, खडबडीत होतो, त्यावर उजेड विखुरतो आणि रंग उडाल्यासारखा दिसतो. आई म्हणाली, खोबरेल तेल लाव. ते मागे एकदा लावलं होतं, तेव्हा आख्ख्या बार्शी तालुक्याची धूळ येऊन बसली होती. म्हणून या वेळी मी पुण्याहून सिलिकॉनच्या पॉलिशची बाटली नेली. पाडव्याला दुपारभर घासलं. काय चमकत होता म्हणून सांगू! आप्पा नुसते "हं" म्हणाले. म्हणजे आवडलं.

दुसऱ्या दिवशी सोलापूरला निघालो. आप्पा चालवत होते. अकराचा सुमार, ऊन समोरून. वडाळ्याच्या अलीकडे त्यांनी गाडी हळू केली, कडेला घेतली आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"तू घे. मला समोरचं दिसंना झालंय."

पुढे सोलापूर येईपर्यंत एक शब्द नाही. मीही गाडी चालवताना काचेकडे नीट पाहिलं नाही. माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे.

परतताना ऊन मागे होतं, तेव्हाही काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एकटाच बार्शीला गेलो आणि चक्क चपापलो. समोरच्या काचेत रस्त्यावर डॅशबोर्ड पसरलेला! वाऱ्याच्या जाळ्या, कोपऱ्यातला गणपती, सगळं. समोरची मोटारसायकल त्या उजेडात विरघळलेली. मूळचा तो मळकट, निस्तेज पृष्ठभागच बरा होता. उजेड तो सगळीकडे विखरून टाकायचा. मी त्याच्या खाचा भरून त्याचा आरसा केला होता.

आता खरी गोष्ट. ताई आणि मी दोन वर्षं आप्पांच्या मागे लागलो होतो, गाडी सोडा म्हणून. आणि आता त्यांनी स्वतःहून, न भांडता किल्ली दिली होती. मी गप्प बसलो असतो तर प्रश्न सुटला होता. बार्शीहून येताना तेवीस-चोवीस किलोमीटर हाच विचार केला. गप्प बसावंसं वाटलं, हेही लिहून टाकतो.

पण जेवताना ते ताट डोळ्यांजवळ नेऊन बघत होते.

संध्याकाळी बादलीत शाम्पूचे चार थेंब टाकले आणि डॅशबोर्ड पुसायला बसलो. सिलिकॉन एका हाताने जात नाही, तीनदा पुसावं लागलं. काचही आतून पुसली. आप्पा ओट्यावरून बघत होते.

"एवढं चकचकीत केलतंस, आता काढायलास कशाला?"

सांगितलं सगळं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग चप्पल घातली, "सरक जरा" म्हणाले, आणि स्टँडपर्यंत एक चक्कर मारून आले. आल्यावर आईकडे चहा मागितला, नेहमीच्या आवाजात.

ताई, तू हे वाचशीलच. फोनवर रागावू नकोस. सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, ती मी रद्द केलेली नाही. आप्पा म्हणतात, येतो, पण गाडी मी चालवणार.