तुला खोकला आला होता का?

रेल्वेच्या रुळांपासून दोन इमारती सोडून राहणाऱ्या डोंबिवलीकराने घरी गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलं, तर आधी त्याला लोकलचं वेळापत्रक पाठ करावं लागतं. शेवटची गाडी गेली की पहाटेची पहिली येईपर्यंत माझा स्टुडिओ चालू. स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं कपाट. त्याची दारं सताड उघडायची, म्हणजे आतले कपडे आवाज पितात, आणि दारांवर गोधडी टाकायची. पंखा बंद. फ्रिजही बंद, कारण त्याची घरघर माइकला बरोबर ऐकू जाते. सकाळी तो चालू करायला विसरल्यामुळे आमच्याकडे दोनदा दूध नासलं. त्यानंतर फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लागली. अक्षर बायकोचं आहे.

गाणं होतं पिंक फ्लॉइडचं ‘विश यू वेअर हिअर’. 1975 सालचं, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतलं. गिटार शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी या गाण्यापाशी येतो, कारण ते सोपं वाटतं. सुरुवातीला मोटारीतल्या रेडिओची खरखर आहे. स्टेशनं बदलतात, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा येऊन जातो, मग रेडिओतूनच आल्यासारखी बारीक, चपटी बारा तारांची गिटार ऐकू येते. थोड्या वेळाने दुसरी गिटार तिच्यासोबत वाजू लागते, अगदी जवळून, जणू कुणी आपल्या खोलीत पलंगावर बसून रेडिओबरोबर वाजवतंय. त्यात कुणीतरी खोकतं, नाक ओढतं. घरी रेकॉर्ड करणाऱ्या माणसासाठी याहून योग्य गाणं नाही, असा माझा समज होता. गाण्यातला माणूस जे करतो तेच तर मी करणार होतो.

सात आठवड्यांनी मिक्स तयार झाला आणि मी तो मित्रांना पाठवला. उत्तरं आली: ‘भारी’, ‘जबरी’, ‘कडक रे’, आणि तीन आगीची चित्रं. एकाने तर ‘सेम टू सेम’ लिहिलं. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी शंका आली. गाणं पाच मिनिटांचं, आणि ‘सेम टू सेम’ फाइल पाठवल्यापासून दुसऱ्याच मिनिटाला आलं होतं.

पण पूर्ण ऐकलेल्यांचंही तेच. हे गाणं त्यांच्या कानात कॉलेजपासून मुरलेलं आहे. माझ्या गिटारचे पहिले चार स्वर ऐकले की त्यांच्या डोक्यात मूळ गिटारवाला डेव्हिड गिल्मोर वाजायला लागतो, आणि पुढचं सगळं ते त्याचंच ऐकतात. माझ्या चुका त्यांच्या आठवणीने बुजवल्या. जे नाराज होते त्यांचंही तसंच. एक जुना बँडवाला म्हणाला, “टोन नाही आला.” म्हणजे गिल्मोरचा नाही आला. माझा कसा आलाय, हे त्याने ऐकलंच नव्हतं. वर कुठला पेडल घ्यावा हेही सांगितलं. गिटारवाल्यांना अभिप्राय विचारला की खरेदीची यादी मिळते.

मीही त्यातलाच. मूळ गाणं आणि माझं एकामागोमाग लावून पाहायचो आणि माझं चक्क जास्त भरीव वाटायचं. मग लक्षात आलं की माझी फाइल मोठ्या आवाजात वाजत होती. आवाज वाढवला की खर्ज आणि तार दोन्ही कानाला जास्त लागतात आणि काहीही सुरेख वाटतं. दोन्हींची पातळी मोजून सारखी केली. माझा भरीवपणा गेला.

आमच्या वरच्या मजल्यावर तबला शिकवणारे काका राहतात. पिंक फ्लॉइड हा शब्द त्यांनी माझ्याकडून पहिल्यांदा ऐकला. एका रविवारी चहाला आले तेव्हा मी लॅपटॉप पुढे केला.

“रेडिओ बिघडलाय का?” सुरुवातीलाच त्यांनी विचारलं.

“नाही काका, ते तसंच आहे.”

पुढे ते काही बोलले नाहीत. डावा तळहात मांडीवर ठेवून हलकेच ताल धरला. गाणं संथ आहे, मिनिटाला साधारण साठ मात्रा. पहिल्या कडव्यात त्यांचा हात आणि माझी गिटार बरोबर होती. मग हात पडायच्या आधी गिटार वाजायला लागली. आधी केसभर, मग चांगलीच. मी त्या हाताकडेच बघत होतो. काकांनी लय बदलली नाही, त्यांचा हात त्याच्या जागी पडत राहिला आणि मी पुढे पुढे निघून गेलो. शेवटी ते थांबले आणि चहा उचलला.

“तुला कुठली गाडी पकडायची होती?”

मी लॅपटॉपला, इंटरफेसला, केबलला दोष दिला. लेटन्सी असेल, म्हणजे आवाज उशिरा पोचत असेल, म्हणालो. नंतर एकटाच बसून हिशोब केला. माझा बफर 256 सॅम्पलचा, सेकंदाला 44,100 सॅम्पल, म्हणजे उशीर जेमतेम सहा मिलिसेकंदांचा. आणि लेटन्सी असती तर सगळंच सारख्या अंतराने मागे पडलं असतं. हे तर वाढत वाढत पुढे गेलं होतं. नैसर्गिक वाटावं म्हणून मी मेट्रोनोमशिवाय वाजवलं होतं. आता तो वाजवलेल्या ट्रॅकखाली लावून पाहिला. साठवर निघालेला मी शेवटच्या कडव्यात सहासष्टवर होतो. घाई नेमकी कुठे होते तेही सापडलं. डीवरून ए मायनरवर जाताना. बोटं वेळेत बसणार नाहीत या धास्तीने मी मात्रा पुरी व्हायच्या आधीच हात उचलत होतो. सात आठवडे हेडफोन लावून ते मला ऐकू आलं नव्हतं. काकांच्या मांडीवर एका कडव्यात दिसलं.

पुढच्या रविवारी नवा टेक घेऊन मीच वर गेलो. या वेळी हात आणि गिटार शेवटपर्यंत सोबत राहिली. काकांची मान हलली. मग म्हणाले, “ते मागे सारखं भरून काय ठेवलंयस? पेटीवाल्याने भाता सोडलाच नाही असं वाटतं.” तो कीबोर्डचा थर होता, त्यावर माझे चार रविवार गेले होते. काढताना जीवावर आलं. पण याच गाण्यासाठी स्टेफान ग्रापेली व्हायोलिन वाजवून गेला होता. यहुदी मेनुहिनबरोबर तो त्याच इमारतीत रेकॉर्डिंग करत होता, म्हणून त्याला बोलावलं. त्याचं व्हायोलिन मिक्समध्ये इतकं खाली दाबलं की ऐकणाऱ्याला ते कळलंच नाही. 2011 साली ते नीट ऐकायला मिळालं. ग्रापेलीला खाली दाबलं, तिथे माझ्या कीबोर्डचं काय!

“आणि सुरुवातीला खोकलास ते कापायचं राहिलं का?”

“नाही, मूळ गाण्यात आहे तसं.”

“त्याला खोकला आला होता. तुला आला होता का?”

नव्हता आला. तीन वेळा खोकून त्यातला बरा निवडला होता.

त्याच आठवड्यात बायकोने फ्रिजवरून भांडता भांडता गाणं ऐकलं आणि विचारलं, “हा कोण गातोय?” मी म्हणालो, मीच. “तू असा कुठे बोलतोस?” इंग्रजी शब्दांवर मी नकळत विलायती साज चढवला होता, ‘र’ गिळत होतो, अर्धे स्वर नाकातून काढत होतो. माझं इंग्रजी ऑफिसात जसं निघतं तसंच गाऊन पाहिलं. सूर लागायला सोपे गेले, कारण तोंड आपल्या सवयीच्या जागी उघडत होतं.

आता मी ‘कसं झालंय’ असं कुणाला विचारत नाही. त्याला ‘छान’ हेच उत्तर असतं, आणि ते देणाऱ्याची त्यात चूक नाही. कुठे कंटाळा आला, एवढंच विचारतो. बहुतेकांना तेही सांगायला संकोच वाटतो, मग ऐकताना त्यांचा हात मोबाइलकडे कधी जातो ते बघतो आणि तो सेकंद लिहून ठेवतो.

खोकला काढला. सोलोमधली एक खेच अजून अर्ध्यावर राहते. तार ओढून स्वर वर न्यायचा, तर तो पोचायच्या आतच माझं बोट सैल पडतं. काका त्याला मींड म्हणतात आणि ‘पोचव’ एवढंच सांगतात. मूळ गाणं मी त्यांना मुद्दाम ऐकवलेलं नाही. एकदा ऐकलं की तेही बाकीच्यांसारखंच ऐकायला लागतील, आणि माझं अजून दीड कडव्याचं काम बाकी आहे.