नानांचा अ‍ॅम्प्लिफायर

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या त्या घरात संध्याकाळचे सात वाजले की नाना आपल्या खोलीचं दार लोटून घेत. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. तरुणपणी ते हौसेनं गाणं शिकले होते, घरगुती मैफलींत तानपुऱ्यावर साथीलाही बसले होते. त्या मैफलींच्या जुन्या कॅसेट नातीनं लॅपटॉपमध्ये उतरवून दिल्या आणि पुण्याच्या मुलानं वाढदिवसाला मोठे, मऊ गाद्यांचे हेडफोन पाठवले. सगळं जुळून आलं होतं. फक्त आवाज पुरेना.

"शंभरावर नेला तरी तानपुरा कुठे लपतो कोण जाणे! जवारी म्हणून ऐकूच येत नाही," नाना कुरकुरले.

"कॅसेटच जुन्या आहेत, नाना. तीस वर्षांत फिती झिजणारच," सून म्हणाली.

नातीनं मात्र हेडफोन स्वतःच्या कानांना लावून पाहिले. "आजोबा, मलाही बारीकच येतोय," असं म्हणून तिनं खोका उलटा केला. त्यावर ३०० ओहम असं छापलं होतं. दोष तिथेच होता. ओहम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. लॅपटॉपच्या भोकातून साधारण एक व्होल्ट मिळतो असं धरलं, तर ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती पोचते. ३०० ओहमच्या हेडफोनला जेमतेम ३.३! व्होल्ट दुप्पट केले, तर शक्ती चौपट होते आणि आवाज ६ डेसिबलनं वाढतो. थोडक्यात, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता.

रविवारी आजोबा आणि नात जेल रोडवर गेले. दुकानदारानं सर्वांत आधी अठरा हजारांची डबी पुढे केली. "काका, एकदाच घ्या, चांगली घ्या," तो म्हणाला. नानांनी मनात पेन्शनचा हिशोब केला आणि ते गप्प बसले. नात मात्र कागदावर तीन प्रश्न लिहूनच आली होती.

पहिला, हा अ‍ॅम्प्लिफायर लॅपटॉपला कुठे लागतो? हेडफोनच्या भोकात लागणारा स्वस्त असतो, पण लॅपटॉपमधली खरखरही तो आवाजाबरोबरच मोठी करतो. यूएसबीला लागणारा लॅपटॉपकडून फक्त आकडे घेतो आणि त्यांचा आवाज स्वतः बनवतो. त्यामुळे ती खरखर बऱ्याच अंशी टळते. दुसरा, ३०० ओहमला तो किती व्होल्ट देतो? खोक्यावरचे मोठमोठे मिलिवॅट बहुधा ३२ ओहमचे असतात, त्यांना भुलायचं नाही. दोन व्होल्ट मिळाले तरी घरात ऐकायला पुरेत. तिसरा, बॅटरी हवीच का? लॅपटॉपजवळ बसून ऐकणाऱ्याला नको. बॅटरी आली की किंमत वाढते, वजन वाढतं आणि काही वर्षांनी ती बॅटरीच आधी दगा देते.

शेवटी काडेपेटीहून थोडी मोठी, आवाजाची गोल कळ असलेली डबी बत्तीसशे रुपयांत पसंत पडली. दुकानातच नानांचे हेडफोन लावून पाहिले आणि मगच पैसे दिले. घरी पहिल्या दिवशी बारीक घूं घूं ऐकू आली. लॅपटॉपचा चार्जर काढला तशी ती थांबली. नाना खूश झाले. गाणाऱ्याचा श्वाससुद्धा आता कळत होता.

पंधरा दिवसांनी नात सहज खोलीत आली. नाना डोळे मिटून ऐकत होते. तिनं लाडानं हेडफोन काढून स्वतःच्या कानांना लावले आणि दचकून लगेच दूर केले.

"आजोबा! केवढा हा आवाज! कान फुटतील."

"मोठा कुठे आहे?" नाना म्हणाले. मग क्षणभर थांबून हळूच म्हणाले, "जवारी तर अजूनही नाहीच."

"मला तर स्पष्ट ऐकू आली, आजोबा."

खोलीत कुणी काही बोललं नाही. दारात उभ्या सुनेला मात्र एकेक गोष्ट आठवू लागली. शेजारच्या खोलीत वाजत राहिलेला मोबाइल, दोन-दोनदा विचारलेला प्रश्न, नातीचं बोलणं कळलं नाही तरी नानांनी नुसती हलवलेली मान. झिजलं होतं ते फितींवरचं गाणं नव्हे.

कानांच्या तपासणीला नाना आठवडाभर तयार होईनात. "मी बहिरा नाही," एवढंच म्हणत. अखेर नातच त्यांना घेऊन गेली. तपासणीच्या आलेखात खालचे सूर ठीक होते, वरच्या सुरांकडे रेघ घसरत गेली होती. वयाबरोबर हे पुष्कळांचं होतं. जवारीचा झणकार म्हणजे तर हेच वरचे सूर! अ‍ॅम्प्लिफायर सगळे सूर सारखेच वाढवतो. श्रवणयंत्र मात्र जे कमी पडतात तेवढेच वाढवू शकतं. उणीव आवाजानं भरून काढायला गेलं, तर उरलेलं ऐकणंही जायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं मोठ्यांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८९ डेसिबलला फक्त ५ तास उरतात.

आता नानांच्या कानांमागे लहानशी यंत्रं असतात. त्यांत गाण्यासाठी वेगळी सोय करून घेतली आहे. अ‍ॅम्प्लिफायरही वाया गेला नाही, कारण हेडफोनला त्याची गरज होतीच. फक्त त्याच्या कळेशेजारी नातीनं आपल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आहे. कळ त्याच्या पुढे न्यायची नाही, असं दोघांचं ठरलं आहे.

"जवारी पूर्वीसारखी नाही," परवा नाना म्हणाले, "पण आहे."

आणि हल्ली सात वाजता खोलीचं दार उघडंच असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आवाज वाढवा म्हटलं, की आधी आपण स्वतः तो ऐकून पाहावा. उणीव यंत्रात आहे की कानांत, हे त्यांना एकट्यानं कसं कळणार?